एग डोनेशन म्हणजे काय? भारतापासून अमेरिकेपर्यंत कोणत्या देशात काय नियम आहेत?

समजा रात्री झोपताना तुम्ही मोबाईल चाळताय आणि एका ग्रुपवर असा मेसेज दिसतो: "वय २० ते ३०, शिकलेली, निरोगी मुलगी हवी. एग डोनेट करा, दहा-बारा दिवसांत चांगली कमाई. नाव कायम गुप्त राहील." खाली फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. ना हॉस्पिटलचं नाव, ना पत्ता.

कॉलेजची फी भरायची असेल, घरचा हप्ता थकला असेल, तर अशा मेसेजवर बोट थांबतं. पण या दोन-तीन ओळींत भारतीय कायद्याच्या दृष्टीने किती गोष्टी चुकीच्या आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. आजच्या लेखात आपण एग डोनेशन म्हणजे काय, ते कसं होतं, त्यात धोका काय आणि वेगवेगळ्या देशांत त्याचे नियम काय आहेत, ते सोप्या भाषेत समजून घेऊ. शेवटी हाच मेसेज पुन्हा वाचून तपासू.

एग डोनेशन म्हणजे नेमकं काय?

मूल होण्यासाठी दोन पेशी लागतात: पुरुषाचं शुक्राणू आणि स्त्रीचं बीज. या स्त्रीबीजालाच आपण बोलताना 'एग' म्हणतो. काही स्त्रियांच्या अंडाशयात चांगली बीजं उरलेली नसतात. कारणं वेगवेगळी असतात. वय जास्त असणं, लवकर पाळी बंद होणं, कॅन्सरचे उपचार, अंडाशयावर झालेलं ऑपरेशन किंवा बाळाकडे जाऊ शकणारा एखादा आनुवंशिक आजार.

अशा वेळी दुसरी एखादी तरुण, निरोगी स्त्री आपली बीजं देते. प्रयोगशाळेत त्या बीजाचा शुक्राणूशी संयोग करून गर्भ तयार केला जातो आणि तो मूल हवं असलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात सोडतात. म्हणजे बाळाला नऊ महिने पोटात वाढवते ती एक स्त्री आणि बाळाचा डीएनए येतो तो दुसऱ्या स्त्रीकडून. सगळे कायदेशीर आणि भावनिक प्रश्न इथूनच सुरू होतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करूया. एग डोनेशन आणि सरोगसी एक नाही. सरोगसीत दुसरी स्त्री गर्भ वाढवते. एग डोनेशनमध्ये दुसरी स्त्री फक्त बीज देते.

हे तंत्र आलं कुठून?

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून भारतातलं पहिलं असं बाळ जन्माला आलं, पण त्यांच्या कामाला मान्यता त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी मिळाली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि महाराष्ट्रात 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द घराघरात पोचला.

दुसऱ्या स्त्रीचं बीज वापरून गर्भधारणा करण्यात १९८३-८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांना यश आलं. पण तेव्हा एक मोठी अडचण होती. शुक्राणू गोठवून ठेवता यायचे, बीज नाही. बीज ही मोठी आणि पाण्याने भरलेली पेशी. गोठवताना आत बर्फाचे स्फटिक झाले की ती फुटते. त्यामुळे बीज देणारी आणि घेणारी, दोघींची पाळी औषधांनी एकाच वेळेवर आणावी लागायची.

नंतर 'व्हिट्रिफिकेशन' हे तंत्र आलं. यात बीज इतक्या वेगाने गोठवतात की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, पेशी जणू काचेसारखी होते. मग ती उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एएसआरएमने, बीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. त्यानंतर एग बँकांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. एका देशात काढलेलं बीज दुसऱ्या देशात विमानाने जाऊ लागलं आणि नियमांचा गुंताही वाढला.

बीज काढतात कसं?

रक्तदानासारखं हे अर्ध्या तासाचं काम नाही. साधारण क्रम असा असतो:

१. तपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांसारख्या आजारांच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, आनुवंशिक आजारांचा इतिहास आणि समुपदेशन.

२. इंजेक्शनं: नेहमीच्या महिन्यात शरीर अनेक बीजांना वाढवायला सुरुवात करतं, पण साधारण एकच पूर्ण तयार होतं, बाकीची विरून जातात. रोजच्या हार्मोन इंजेक्शनांनी त्यातली बरीच बीजं एकाच वेळी वाढवली जातात. हे साधारण १० ते १२ दिवस चालतं. मध्ये मध्ये सोनोग्राफी करून बघतात.

३. शेवटचं इंजेक्शन: बीजं पक्व व्हावीत म्हणून ठरलेल्या वेळी दिलं जातं. त्यानंतर सुमारे ३५-३६ तासांनी बीजं काढतात. वेळ चुकवून चालत नाही.

४. बीज काढणं: भूल देऊन, सोनोग्राफीच्या मदतीने योनीमार्गातून बारीक सुई अंडाशयापर्यंत नेतात आणि बीजं ओढून घेतात. पोटावर टाका येत नाही. प्रक्रिया छोटी असते, पण ती वैद्यकीय प्रक्रियाच आहे.

"याने माझी बीजं संपतील का?" हा प्रश्न बहुतेक मुली विचारतात. त्या महिन्यात जी बीजं नाहीतरी विरून गेली असती, तीच औषधांनी वाचवून काढली जातात. त्यामुळे एका वेळच्या दानाने साठा संपून जातो असं नाही.

मग धोका कशात आहे?

मुख्य धोक्याचं नाव आहे ओएचएसएस. इंजेक्शनांना अंडाशयाने गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद दिला तर ते सुजतं, पोटात पाणी साठतं, मळमळ होते, वजन अचानक वाढतं. बहुतेक वेळा त्रास सौम्य असतो आणि थांबतो. क्वचित तो गंभीर होतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, श्वासाला त्रास होतो आणि हॉस्पिटलात दाखल व्हावं लागतं. आजची नवी औषधं नीट वापरली तर हा धोका बराच कमी करता येतो. पण 'नीट वापरली तर' हे महत्त्वाचं आहे. याशिवाय रक्तस्राव, संसर्ग आणि भुलीचे धोके असतात.

तब्येत नंतर बिघडली तर कोणाला फोन करायचा, हॉस्पिटलचं बिल कोण भरणार, याची उत्तरं आधी हातात असायला हवीत. एजंटच्या मार्फत गेलेल्या मुलीकडे नेमकी हीच उत्तरं नसतात.

सगळ्या देशांसमोरचे चार प्रश्न

नियम देशागणिक बदलतात, पण प्रश्न तेच असतात:

- बीज देणाऱ्या स्त्रीला पैसे द्यायचे का? दिले तर ती भरपाई म्हणायची की किंमत?
- तिचं नाव गुप्त ठेवायचं की मोठेपणी बाळाला ते कळू द्यायचं?
- एका स्त्रीच्या बीजांपासून जास्तीत जास्त किती कुटुंबांना मूल व्हावं?
- बीज घेण्याचा हक्क कोणाला? फक्त विवाहित जोडप्यांना, की एकट्या स्त्रीलाही?

आता एकेक देश बघूया.

भारत: आयुष्यात एकदाच

आपल्याकडे अनेक वर्षं फक्त आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचना होत्या, कायदा नव्हता. मग सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा, २०२१ आला. त्यालाच एआरटी कायदा म्हणतात. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यातले मुख्य नियम असे:

- बीज देणाऱ्या स्त्रीचं वय २३ ते ३५ च्या मध्ये हवं.
- ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.
- एका दात्रीची बीजं एकाच जोडप्याला द्यायची, अनेकांना वाटायची नाहीत.
- बीजदान नोंदणीकृत एआरटी बँकेमार्फतच होतं. बँक दात्रीची माहिती आधार क्रमांकासह घेते.
- दात्रीसाठी १२ महिन्यांचा विमा काढावा लागतो. तो बीज घेणाऱ्या जोडप्याने किंवा स्त्रीने काढायचा असतो.
- बीज घेऊन उपचार करून घेणारी स्त्री २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ या वयातला हवा. एकटी स्त्रीसुद्धा हे उपचार घेऊ शकते.
- जन्मलेलं मूल कायद्याने उपचार घेणाऱ्या पालकांचंच. दात्रीचा त्याच्यावर हक्क नाही आणि जबाबदारीही नाही.
- बीजाची खरेदी-विक्री करणं, दाता मिळवण्यासाठी मध्यस्थ वापरणं आणि परदेशातून बीज आयात करणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला ५ ते १० लाखांचा दंड. पुन्हा केला तर ३ ते ८ वर्षं कैद आणि १० ते २० लाखांचा दंड.

सातचा आकडा डॉक्टरांना अवघड वाटतो, कारण इंजेक्शनांनंतर नेमकी किती बीजं तयार होतील ते आधीपासून ठरवता येत नाही. दहा-पंधराही होऊ शकतात. पण या आकड्यामागची भीती खरी आहे: जास्त बीजांच्या हव्यासापायी एखाद्या मुलीला औषधांचा जास्त डोस दिला जाऊ नये.

ही भीती हवेतली नाही. २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या इरोडमध्ये एक प्रकरण उघडकीला आलं. १६ वर्षांच्या मुलीला तिच्याच आईने पुन्हा पुन्हा बीज विकायला भाग पाडलं होतं. आधार कार्डावर वय खोटं दाखवलं होतं. आई, तिचा जोडीदार आणि एक दलाल स्त्री यांना अटक झाली. म्हणजे कायदा येऊनही, कागदावरचं वय नीट तपासलं नाही तर काय होतं, ते दिसलं.

आता मुंबईचं उदाहरण. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका आईचं प्रकरण आलं. तिच्या जुळ्या मुली सरोगसीतून जन्मलेल्या होत्या आणि बीज तिच्या धाकट्या बहिणीने दिलेलं होतं. पुढे संसारात वितुष्ट आलं. नवऱ्याचं म्हणणं होतं की बीज मेहुणीचं, म्हणून मुलींवर बायकोचा हक्क नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. बीज देणारी स्त्री ही दाती आहे, तेवढ्याने ती आई ठरत नाही, असं म्हणत न्यायालयाने त्या आईला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. हे सगळं एआरटी कायद्याच्या आधी झालेलं असल्यामुळे निकाल आयसीएमआरच्या जुन्या सूचनांवर आधारलेला होता. आजचा कायदाही तेच सांगतो.

सरोगसीमध्ये दात्याचं बीज चालतं का? २०२३ मध्ये सरकारने नियम बदलून ते बंद केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. आता पती-पत्नीपैकी एकाला वैद्यकीय कारण असेल तर एका बाजूचं बीज दात्याचं चालतं, पण दुसरं त्या जोडप्याचंच हवं. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला मात्र सरोगसीसाठी स्वतःचंच बीज वापरावं लागतं.

अमेरिका: बाजाराचा भाव

अमेरिकेत चित्र अगदी उलटं आहे. दात्रीला किती पैसे द्यायचे यावर देशपातळीवर मर्यादा नाही. औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, संसर्गजन्य आजारांच्या तपासण्या सक्तीच्या करतं. बाकी बरंचसं राज्यांवर आणि डॉक्टरांच्या संघटनेवर सोडलेलं आहे.

१९९९ मध्ये तिथल्या नामांकित विद्यापीठांच्या विद्यार्थी वृत्तपत्रांत एक जाहिरात आली होती. उंच, खेळाडू आणि प्रवेश परीक्षेत भरपूर गुण असलेल्या मुलीच्या बीजासाठी ५०,००० डॉलर! त्यावर खूप चर्चा झाली. नंतर एएसआरएमने सूचना केली की ५,००० डॉलरच्या वर रक्कम असेल तर कारण द्या आणि १०,००० च्या वर देणं योग्य नाही. पण २०११ मध्ये काही दात्री कोर्टात गेल्या. "आमचा मोबदला सगळ्यांनी मिळून कमी ठेवणं म्हणजे स्पर्धाविरोधी संगनमत आहे," असा त्यांचा दावा होता. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि ते आकडे सूचनांमधून काढून टाकले गेले.

२०१५ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने सांगितलं की दात्रीला मिळालेले २०,००० डॉलर हे उत्पन्न आहे, त्यावर कर भरावा लागेल. शरीराला झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून सूट नाही.

एका दात्रीने जास्तीत जास्त सहा वेळा बीज द्यावं अशी एएसआरएमची सूचना आहे. ती सूचना आहे, कायदा नाही. कोलोरॅडो राज्याने मात्र २०२२ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासूनच्या दानासाठी निनावी पद्धत बंद केली. असं करणारं ते पहिलं राज्य.

ब्रिटन: ठरलेली भरपाई, उघडं नाव

ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने एचएफईए ही स्वतंत्र नियामक संस्था उभी राहिली. सगळी क्लिनिक तिच्या परवान्यावर चालतात. तिथे बीजाची किंमत नसते, भरपाई असते. २०१२ पासून ती एका वेळच्या दानाला ७५० पाउंड होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून ९८५ पाउंड झाली. एका दात्रीच्या बीजांपासून ब्रिटनमध्ये जास्तीत जास्त दहा कुटुंबांना मूल होऊ शकतं.

मोठा बदल झाला १ एप्रिल २००५ ला. त्यानंतर दान करणाऱ्यांची ओळख कायमची गुप्त राहत नाही. त्या बीजापासून जन्मलेलं मूल १८ वर्षांचं झालं की दात्याचं नाव आणि शेवटचा माहीत असलेला पत्ता मागू शकतं. या नियमाखालची पहिली मुलं २०२३ च्या अखेरीपासून १८ ची होऊ लागली. दात्रीवर कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी येत नाही, पण एखाद्या दिवशी पत्र येऊ शकतं हे तिला आधीच माहीत असतं.

स्पेन: युरोपचं मोठं केंद्र

युरोपात बीजदानाचे सर्वात जास्त उपचार स्पेनमध्ये होतात. २००६ च्या कायद्यानुसार दान निनावी असतं. जोडप्याला दात्री निवडता येत नाही. फोटोंची यादी नाही, प्रोफाईल नाही. रक्तगट, त्वचेचा रंग, डोळे वगैरे बघून डॉक्टरांची टीमच जुळणारी दात्री ठरवते. एका दात्रीपासून सहा मुलांची मर्यादा आहे. कायदा याला दानच म्हणतो, पण त्रासाबद्दल साधारण हजार युरोच्या आसपास भरपाई मिळते. एकट्या स्त्रियांनाही उपचार मिळतात. त्यामुळे जिथे बंदी आहे किंवा खूप थांबावं लागतं, तिथून जोडपी स्पेनला येतात.

फ्रान्स: एक पैसाही नाही

फ्रान्समध्ये बीजदान पूर्णपणे विनामोबदला आहे. फक्त झालेला खर्च परत मिळतो. बीज देणारीचं वय १८ ते ३७ हवं आणि एका दात्रीपासून जास्तीत जास्त दहा मुलं. ऑगस्ट २०२१ च्या कायद्याने एकट्या स्त्रिया आणि समलिंगी स्त्री जोडप्यांनाही उपचार खुले झाले. १ सप्टेंबर २०२२ पासून दान करणाऱ्या प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं की मूल १८ वर्षांचं झाल्यावर मागेल तर माझी ओळख द्या. हे मान्य नसेल तर दान करता येत नाही.

जिथे बंदी आहे किंवा होती

जर्मनी: १९९० च्या गर्भसंरक्षण कायद्याने एग डोनेशनवर बंदी आहे. शुक्राणूदान चालतं, बीजदान चालत नाही. शिक्षा डॉक्टरला होते, बीज देणारीला किंवा घेणारीला नाही. एका बाळाच्या दोन आया, एक जन्म देणारी आणि एक बीज देणारी, असं होऊ नये हा त्यामागचा विचार होता. २०२४ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की योग्य अटींसह परवानगी देता येईल.

स्वित्झर्लंड: इथेही बंदी आहे, पण ती उठवण्याच्या दिशेने सरकारने पावलं टाकली आहेत.

इटली: २००४ च्या कायद्याने बंदी होती. २०१४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. पण तिथे मोबदला नाही आणि दात्री कमी मिळतात, म्हणून बरीच बीजं परदेशातून येतात.

ऑस्ट्रिया आणि नॉर्वे: ऑस्ट्रियाने २०१५ मध्ये परवानगी दिली. नॉर्वेच्या संसदेने २०२० मध्ये कायदा बदलला.

तुर्की: दात्याचं बीज किंवा शुक्राणू वापरायला बंदी आहे. २०१० मध्ये तर त्यासाठी परदेशी जाण्याविरुद्धही नियम केला गेला.

इराण: मुस्लिम देशांत बहुतेक ठिकाणी दात्याचं बीज मान्य नाही, पण शिया बहुल इराणमध्ये १९९९ च्या फतव्यानंतर बीजदानाची वाट मोकळी झाली. एकाच धर्मात दोन मतं आहेत, ती अशी.

आणखी काही देश

कॅनडा: २००४ च्या कायद्याने बीज विकत घेणं गुन्हा आहे. ५ लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड किंवा १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दात्रीला फक्त पावत्यांवर खर्च परत मिळतो.

ऑस्ट्रेलिया: इथेही बीजाचा व्यापार गुन्हा आहे. व्हिक्टोरिया राज्याने १ मार्च २०१७ पासून एक धाडसी नियम लागू केला. पूर्वी 'नाव कायम गुप्त राहील' असं सांगून ज्यांच्याकडून दान घेतलं होतं, त्यांची ओळखही मुलांना मिळू शकते. ज्याला संपर्क नको असेल तो तसं नोंदवू शकतो, पण नाव लपवता येत नाही.

जपान: डिसेंबर २०२० च्या कायद्याने एवढंच ठरवलं की दुसरीच्या बीजाने गर्भ राहिला तरी जन्म देणारी स्त्रीच आई. बाकी नियम अपुरे असल्यामुळे अनेक जोडपी परदेशी जातात.

चीन: स्वतः आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या स्त्रीकडे जास्तीची बीजं उरली तरच ती देऊ शकते. फक्त दान करण्यासाठी म्हणून बीज काढता येत नाही. त्यामुळे छुपा बाजार फोफावतो आणि तिथेही लक्ष्य असतात कॉलेजच्या मुली.

"नाव गुप्त राहील" हे आता कोणीच सांगू शकत नाही

हा भाग मोबाईल वापरणाऱ्यांनी जरूर वाचा. आज जगभरात लाखो लोक घरी डबी मागवतात, त्यात थुंकी भरून पाठवतात आणि अ‍ॅपवर आपले नातेवाईक शोधतात. दात्रीने स्वतः कधीच चाचणी केली नसली, तरी तिच्या मावसबहिणीने केली असेल तर तिच्यापर्यंत पोचता येतं. डीएनए नात्यानात्यांत वाटलेला असतो. एकाने दरवाजा उघडला की सगळ्या घराचा उघडतो.

आणि ही माहिती किती सुरक्षित आहे? २०२३ मध्ये २३अँडमी या प्रसिद्ध डीएनए कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही.

म्हणून ब्रिटन, फ्रान्स, व्हिक्टोरिया, कोलोरॅडो यांनी गुप्ततेचं आश्वासन देणंच बंद केलं, हे समजण्यासारखं आहे. भारतात आज दात्रीची माहिती गोपनीय ठेवली जाते. पण वीस वर्षांनी एखाद्या अ‍ॅपवर काय जुळेल, ते कोणतीही बँक आज लिहून देऊ शकत नाही.

एका नजरेत

- भारत: एकदाच, ७ बीजं, वय २३ ते ३५, खरेदी-विक्री बंद, विमा सक्तीचा, ओळख गोपनीय
- अमेरिका: मोबदला चालतो, कमाल रक्कम नाही, नियम राज्यानुसार
- ब्रिटन: ९८५ पाउंड भरपाई, दहा कुटुंबं, १८ व्या वर्षी ओळख
- स्पेन: निनावी, भरपाई मिळते, सहा मुलं, निवड डॉक्टरांची
- फ्रान्स: विनामोबदला, दहा मुलं, १८ व्या वर्षी ओळख
- कॅनडा: विकत घेणं गुन्हा, फक्त खर्च परत
- जर्मनी, तुर्की: बंदी

आता तो मेसेज पुन्हा वाचूया

"वय २० ते ३०": चूक. भारतात २३ च्या आत चालत नाही. वय वाढवून कागद करून देतो असं कोणी म्हणालं, तर तो दुसरा गुन्हा.

"चांगली कमाई": बीजाची विक्री गुन्हा आहे. कायद्याने स्पष्ट हमी दिली आहे ती विम्याची. मेसेजमध्ये विम्याचा उल्लेखही नाही.

फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर: दाता मिळवण्यासाठी मध्यस्थ वापरणं कायद्यात चालत नाही. नोंदणीकृत बँकेला नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. तो विचारला की उत्तर मिळायला हवं.

"नाव कायम गुप्त": हे का शक्य नाही ते आत्ताच बघितलं.

"दहा-बारा दिवसांत": इंजेक्शनांचे दिवस तेवढेच, पण तपासण्या आधी असतात आणि त्रास झाला तर तो नंतर होतो. शिवाय एकदा दिलं की आयुष्यात पुन्हा देता येत नाही. "पुढच्या महिन्यात परत ये" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

आणि एक महत्त्वाचं: अशा नंबरवर आधार कार्डाचा फोटो पाठवू नका. सौदा झाला नाही तरी तो फोटो त्यांच्याकडे राहतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बीज दिलं तर मला पुढे मूल होईल ना?
बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत एका वेळच्या दानाने पुढच्या गर्भधारणेला अडथळा येत नाही. पण ओएचएसएस किंवा संसर्ग झाला आणि उपचार मिळाले नाहीत तर गुंतागुंत होऊ शकते. म्हणून जागा नोंदणीकृत असणं महत्त्वाचं.

मूल मोठं होऊन माझ्याकडे हक्क मागेल का?
भारतीय कायद्यात ते मूल उपचार घेणाऱ्या पालकांचं आहे. तुमच्यावर जबाबदारी नाही आणि तुमचा हक्कही नाही.

परदेशात राहणाऱ्या नातेवाईकांसाठी भारतातून बीज पाठवता येईल का?
नाही. राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने फक्त स्वतःचं बीज किंवा गर्भ स्वतःच्या वापरासाठी नेता येतो. दुसऱ्याला देण्यासाठी पाठवता येत नाही.

दात्रीचं बीज घ्यायचं असेल तर काय बघावं?
क्लिनिक आणि बँक दोघांची नोंदणी, दात्रीच्या विम्याची कागदपत्रं आणि तिच्या तपासण्या. "दात्री आमच्यावर सोडा, कागद विचारू नका" असं उत्तर आलं तर दुसरं क्लिनिक शोधा. पलीकडे सुई टोचून घेणारी मुलगीही कोणाची तरी बहीण असते.

तुमच्या ग्रुपवर तसा मेसेज पुन्हा आला, तर त्याखाली हा लेख टाका. कोणाचं तरी बोट तिथेच थांबलेलं असू शकतं.